एक हाड कमी

१

मंगळवारी सकाळी लांब्रोस सियामान्तासच्या परसात थडगं निघालं आणि नऊच्या आत ही बातमी अख्ख्या आर्गोसला कळली. मला सगळ्यांत शेवटी कळली. खरं तर पहिला निरोप मला यायला हवा. एकतीस वर्षं मी पुरातत्त्व खात्यात खोदकामाचा मुकादम आहे, दोन्ही गुडघे त्यातच गेले. पण आमच्या गावात आधी कॉफीवाल्याला कळतं, मग पाद्र्याला, आणि उरलंसुरलं सरकारला.

मी पोचलो तेव्हा लांब्रोस सिमेंटच्या गोणीवर डोकं धरून बसला होता. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो, म्हणून त्याला माझ्यावर ओरडायचा हक्क आहे असं तो समजतो.

"दियामांती, सांग मला, मीच का? समोरच्या निकोलारासनं दोन मजले तळघर खणलं, त्याला एक खापरी निघाली नाही! मी मुलीसाठी दोन खोल्या बांधतोय तर माझ्याच नशिबी हे मढं?"

त्याचं दुःख मला कळत होतं. गावाचं वय पाच हजार वर्षं, आणि त्या काळात कुणी कधी गाव सोडून गेलंच नाही. आजोबांच्या डोक्यावर नातू, असं सगळं थरावर थर. पर्यटक येतात, डोंगरात कोरलेल्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर फोटो काढतात, तासाभरात शेजारच्या नाफ्प्लियोला आइस्क्रीम खायला निघून जातात. आम्हाला मात्र इथेच घरं बांधायची असतात. खाली एक थडगं निघालं की शेजारी दुसरं असणार, म्हणून सगळा भूखंड हातानं खणायचा. चार वर्षं, कधी सहा. माझ्या चुलतभावाच्या अंगणात रोमन फरशी निघाली, तो अजून भाड्याच्या घरात राहतो.

लांब्रोसचं काँक्रीट पुढच्या सोमवारी पडायचं होतं. बायको गेल्यापासून या माणसानं एकच ध्यास घेतला होता, की अरिस्तेयाचं घर त्याच्या घराला लागून उभं राहावं. भिंत सामाईक, स्वयंपाकघराचं दार अंगणात. पोरगी चोवीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट, एकुलती एक.

मी चरात उतरलो. चराच्या टोकाला छपराची जुनी मोठी कौलं तंबूसारखी एकमेकांना टेकवून लावलेली, आमच्याकडे गरिबाचं प्राचीन थडगं असंच असतं. कौलं बाजूला काढली. खाली पूर्ण सांगाडा, डोकं पश्चिमेला, हात छातीवर घडी केलेले. ब्रशनं साफ करत गेलो. मनगटाची बारीक हाडंसुद्धा जागच्या जागी होती. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू.

"दोन हजार वर्षांपूर्वीचं तरी असेल," मी वर बघून म्हणालो. लांब्रोसनं कपाळावर हात मारून घेतला.

अरिस्तेया कॉफी घेऊन आली. तोंड उतरलेलं, डोळे सुजलेले. बापाचं स्वप्न मोडलं की पोरीला वाईट वाटणारच, मला वाटलं.

"काका, आता काम किती वर्षं बंद राहील?" तिनं विचारलं.

"बघू गं. बाई येतायत, त्या ठरवतील."

पोलिक्सेनीबाई, आमच्या साहेब, अर्ध्या तासात आल्या. बाई ठेंगण्या, आवाज बारीक, एका खिशात मोजपट्टी आणि दुसऱ्यात भोपळ्याच्या खारवलेल्या बिया. चराच्या काठावर उकिडव्या बसून त्या बिया सोलत राहिल्या. एकदा सांगाडा डोक्यापासून पायापर्यंत पाहिला, मग पायापासून डोक्यापर्यंत.

"दियामांती, साफ करताना काही उचललंस?"

"मी? एकतीस वर्षांत कधी उचललं नाही!"

"मग डाव्या मांडीचं हाड कुठाय?"

२

मी पाहिलं. खरंच नव्हतं. डाव्या गुडघ्याची वाटी होती, खाली नडगी होती, वर कंबर होती. मध्ये नुसती माती. हात छातीशी आणि पाय लांब, या सगळ्या सरळपणात ते भगदाड माझ्या नजरेतून निसटलं होतं. माझी अशी शोभा झाली की विचारू नका.

"यंत्रानं नेलं असेल," मी म्हणालो.

"यंत्रानं एक हाड नेलं, कौलं नाही हलवली? बरं, उंदीर-घुशींनी म्हणावं तर त्या बोटांची हाडं नेतात. अंगातलं सगळ्यात मोठं हाड नेऊन चण्याएवढी हाडं कोण मागे ठेवेल?"

तरी आम्ही वर काढलेली सगळी माती चाळली. दोन तास. एक बाटलीचं बूच निघालं.

मग बाईंनी थ्रासोसला बोलावलं. थ्रासोस म्हणजे खोदयंत्राचा चालक, पोट पुढे, सिगारेट कानामागे.

"थ्रासोस, तुझ्या अनुभवाचं सांग. माती कशी लागली?"

"आर्गोसची माती कशी लागणार, बाई? दात कोरायची काडी रोवली तरी खाली देऊळ लागतं. गुरुवारपर्यंत दगडासारखी होती, यंत्र रडत होतं. शुक्रवारी माझ्या मेव्हण्याकडे गेलो, मग शनिवार, रविवार, सोमवार सणाचे. आज सकाळी पहिलाच घास घेतला आणि..." त्यानं चरात डोकावून पाहिलं. "आता विचारलंत म्हणून सांगतो. चमच्यानं खाता आली असती इतकी मऊ होती. मला वाटलं, ओल असेल."

"जूनमध्ये?"

थ्रासोसनं कानामागची सिगारेट काढून तोंडात धरली आणि पेटवायला विसरला.

बाई चरात उतरल्या. एक कौल उलटं केलं. आतल्या बाजूला चुन्याचा पांढरा हात मारलेला होता. आमच्याकडे कोंबड्यांच्या खुराड्याला पिसवा होऊ नयेत म्हणून असा चुना मारतात. मग त्यांनी कवटी दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि माझ्या ओंजळीत ठेवली.

"किती जड आहे?"

जुनी कवटी मातीनं गच्च भरलेली असते, कानाच्या भोकांतून मुळं आत गेलेली असतात. ही घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखी हलकी होती, आणि खाचांमध्ये फिकट लालसर झाक होती. मी ती सकाळी पाहिली होती. मातीचा रंग समजून सोडून दिली होती.

"हे थडगं सणाच्या तीन दिवसांत बांधलंय," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या. "आणि आत जो कुणी आहे, तो गेल्या काही वर्षांत मेलेला माणूस आहे."

३

लांब्रोसला सांगितलं तेव्हा आधी त्यानं मला मिठी मारून उचललं, मग धाडकन खाली सोडलं.

"स्तामातिया! त्या थेरडीचं काम! अकरा वर्षं माझ्याशी कुंपणावरून भांडतेय. माझी भिंत उभी राहिली तर तिच्या जर्दाळूला ऊन मिळणार नाही म्हणे! आणि तिच्या नवऱ्याला गेल्या शरदात वर काढलाय, गावाला माहीत आहे. त्यालाच आणून पुरला असणार. या गावातल्या म्हातारीनं छपरावरून कौल फेकून पिरोससारखा राजा मारला होता, ही तर तंबूभर कौलं घेऊन आली!"

आमच्याकडे स्मशानात जागा अपुरी, म्हणून पुरलेल्याला तीन-पाच वर्षांनी वर काढतात आणि हाडं धुऊन पेटीत घालून अस्थिघरात ठेवतात.

"हळू बोल, ती ऐकतेय," मी म्हणालो. ऐकतच होती. कुंपणापलीकडून.

"ऐकतेय तर! बहिरी नाहीये मी!" स्तामातियामावशी आल्या त्या चालत नव्हे, चाल करून. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काळे कपडे, हातात झारी. "माझा पानायोतिस त्या खड्ड्यात? अरे मेल्या, ऑक्टोबरात त्याला वर काढला तेव्हा त्याचं एक-एक हाड मी या हातांनी लाल वाइननं धुतलंय! उन्हात वाळवलंय, पेटीत ठेवलंय, पेटी अस्थिघरात फळीवर ठेवून वर त्याचा फोटो लावलाय. बेचाळीस वर्षं त्या माणसाच्या शिव्या खाल्ल्या, पण त्याला जर्दाळूसाठी चिखलात टाकीन होय रे?"

"मावशी, बसा," पोलिक्सेनीबाईंनी सिमेंटची गोणी पुढे केली. "तुमचे यजमान नाहीत ते. कंबरेचं हाड बाईचं आहे. दात सगळे हयातीत पडलेले आहेत. म्हातारी बाई आहे."

मावशींनी लांब्रोसकडे अशी नजर टाकली की मी असतो तर घरात गेलो असतो. तो गेलाच.

"मावशी, खिडकीतून काही दिसलं? तीन दिवसांत कधी?" बाईंनी विचारलं.

"दिवसभर मी बागेतच असते. परक्या माणसाची मांजरसुद्धा आली असती तर सांगितलं असतं. कुणी आलं नाही. दुपारी तीन ते पाच सोडून, तेव्हा शटरं लावून पडते मी. सगळी गल्ली पडते. तेव्हा कुणी खिळासुद्धा ठोकत नाही."

"आणि शनिवारी सकाळी?"

"शनिवारी सकाळी कोण घरी असणार? मृतांचा शनिवार होता, बाई. अख्खं गाव स्मशानात होतं. मेलेल्यांच्या नावानं वाटायच्या गोड गव्हाची ताटं, पिशव्या, मेणबत्त्या, अस्थिघरात पाय ठेवायला जागा नाही. हा लांब्रोस तेवढा नव्हता. आई मेलीय त्याची, तिला वर काढून तीन महिने नाही झाले, आणि हा सिमेंटवाल्याशी हुज्जत घालत बसला. पोरीला पाठवलं एकटीला." मावशींनी नाक मुरडलं. "पोरगीही आताशा विचित्रच. समुद्रावर न्यायची असते ना, एवढी मोठी पिशवी खांद्याला, भरलेली. मी म्हटलं, तुझ्या आजीच्या नावानं चमचाभर गहू दे गं. तर म्हणे, संपला. सकाळी आठला संपला?"

पोलिक्सेनीबाईंच्या तोंडाकडे जाणारी बी तशीच हातात राहिली.

"दियामांती," त्या म्हणाल्या, "लांब्रोसची आई कशी चालायची?"

मला उत्तर माहीत होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं.

"काठी घेऊन," मी म्हणालो. "ऑलिव्ह काढताना शिडीवरून पडली होती. डाव्या मांडीत स्टीलची सळई घातली होती."

४

बुधवारी सकाळी आम्ही दोघं अस्थिघरात गेलो. कोणी बोलवलं नव्हतं, कुणाला सांगितलं नव्हतं. आत गार होतं, शनिवारच्या मेणबत्त्यांचा वास अजून होता.

फळीवर पेट्या. पत्र्याच्या, लाकडाच्या, प्रत्येकीवर नाव, फोटो. आमच्याकडे नातवंडाला आजी-आजोबांचं नाव देतात, म्हणून स्मशानात फिरताना निम्म्या गल्लीची नावं वाचायला मिळतात. मला त्याची सवय आहे. तरी 'अरिस्तेया सियामान्ता' हे पेटीवरचं नाव मी दोनदा वाचलं. काल कॉफी आणून देणाऱ्या पोरीचं नाव. ती शनिवारी इथे उभी राहिली असेल, आणि स्वतःचं नाव लिहिलेली पेटी तिनं उघडली असेल.

"मला नाही वाटत आपण उघडावी," मी म्हणालो.

"मग तू बाहेर थांब. हाडं परकी निघाली तर मला पोलिसांना फोन करावा लागेल, दियामांती. घरची असतील तर आधी घरच्यांशी बोलायचंय मला."

मी बाहेर थांबलो नाही. पेटीला कुलूप नव्हतं, नसतंच कुणाच्या. आत एक पांढरा भरतकामाचा रुमाल नीट घडी करून ठेवला होता. रुमालात एकच हाड. लांब, फिकट लालसर, वरच्या टोकाला चकाकतं स्टील.

"बोलका साक्षीदार तेवढा मागे ठेवला तिनं," बाई म्हणाल्या.

"तिनं कशावरून? लांब्रोसनं..."

"त्याला सोमवारी काँक्रीट ओतायचं होतं. तो स्वतःच्याच खड्ड्यात थडगं बांधेल?"

बाहेर आल्यावर त्यांनी मला एक-एक करून सांगितलं, आणि मी चालता चालता माझ्या मुकादमगिरीला शिव्या देत होतो. गावात थडगं निघालं की सगळे विचारतात, काम किती दिवस बंद? ही पोरगी विचारत होती, किती वर्षं. स्मशानात मोठी पिशवी आणि गव्हाचा दाणा नाही. चुना लावलेली कौलं सियामान्तासच्या जुन्या खुराड्याची. दुपारी तीन ते पाच परसात खणायचं तर त्या घरातलंच माणूस हवं, आणि लांब्रोस त्या वेळी घोरतो ते आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येतं.

"आणि मनगटं," बाई म्हणाल्या. "एका मनगटात आठ हाडं. डावी-उजवी न चुकता मांडलीत. स्तामातियामावशी मांडू शकेल? थ्रासोस? या गावात ते दोनच जण करतील. एक तू."

"आणि दुसरी हाडांचंच शिकलेली," मी म्हणालो.

"पण खरी चूक तिथे नाही. जुनं थडगं दाखवायचं तर हाडं कशीही ठेवून चाललं असतं. वेडीवाकडी असती तर मी आठवडाभर फसले असते. तिनं डोकं पश्चिमेला केलं, हात छातीवर ठेवले. ख्रिस्ती माणसाला ठेवतात तसं. आजीला वेडंवाकडं ठेववलं नाही तिच्यानं."

५

लांब्रोसच्या अंगणात तो, मी, बाई आणि अरिस्तेया, एवढेच. बाईंनी रुमाल टेबलावर ठेवून उघडला.

लांब्रोसनं सळई पाहिली. ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. इस्पितळात तीन रात्री तो त्या सळईच्या उशाशी बसला होता.

"ही इथे कशी? कुणी... दियामांती, माझ्या आईला कुणी..." आणि मग तो चराकडे वळला. काल दिवसभर ज्याला मढं म्हणून शिव्या घातल्या, तिकडे. मी खुर्ची सरकवली.

"मी," अरिस्तेया म्हणाली. "मी आणलं आजीला."

मला वाटलं तो तिला मारेल. उठलाही. पण ती जागची हलली नाही, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती त्या पुसतही नव्हती.

"बाबा, योआनिनाला अपंगांच्या केंद्रात नोकरी लागलीय मला. एक जुलैला हजर व्हायचंय. फेब्रुवारीत सांगितलं तर तुम्ही म्हणालात, आधी पाया होऊ दे. एप्रिलमध्ये सांगितलं तर तुम्ही मला फरशीचे नमुने दाखवलेत. मेमध्ये मी रडले तर विचारलंत, स्वयंपाकघर निळं हवं का? काँक्रीट पडलं असतं की संपलं असतं सगळं. तुम्ही एवढं केल्यावर मी कुठल्या तोंडानं गेले असते?"

"म्हणून माझ्या आईला मातीत..."

"तिला सोळाव्या वर्षी लग्न करून या अंगणात आणली, ती स्मशानात जाईपर्यंत इथून हलली नाही. मला म्हणायची, तू जा. अडलं तर मला हाक मार, मी तुझ्या बापाला बघून घेते." तिनं चराकडे बोट केलं. "मी हाक मारली, बाबा. तुम्ही माझं कधी ऐकत नव्हता. तिचं ऐकायचात."

कुंपणापलीकडे स्तामातियामावशींच्या झारीचं पाणी थांबलं.

पोलिक्सेनीबाईंनी चष्मा पुसला. मग त्या अरिस्तेयाला, अगदी तोडून, म्हणाल्या, "खोटं थडगं बांधणं गुन्हा आहे, हे तुला माहीत आहे. मी लिहिणार आहे की अस्थी अलीकडच्या आहेत, घरच्यांनी ओळखल्या, आणि पाद्री आज त्या परत अस्थिघरात ठेवतायत. भूखंड मोकळा आहे. हे सगळं खरं आहे म्हणून लिहितेय. माझे दोन दिवस वाया घालवलेस त्याचा राग मला आहेच."

"हो, बाई."

भूखंड मोकळा. लांब्रोसला आता कुणीही अडवणार नव्हतं. उद्या थ्रासोसला बोलावलं असतं तर सोमवारी काँक्रीट पडलं असतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो उठून घरात गेला, बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात लाल वाइनची बरणी होती आणि मोठं परातीसारखं भांडं.

आम्ही दोघांनी मिळून म्हातारीला चरातून वर आणलं, एक-एक हाड, चादरीवर. लांब्रोस ओट्यावर मांडी घालून बसला आणि त्यानं कवटी मांडीवर घेतली.

"बाबा, द्या, मी धुते," अरिस्तेया म्हणाली. "हे बायकांचं..."

"मार्चमध्ये तूच धुतलंस. मी फाटकाबाहेर सिगारेटी ओढत होतो. शनिवारी तर आलोच नाही." त्यानं भांड्यात वाइन ओतली. "आता मला करू दे."

तो धूत राहिला. पोरगी शेजारी बसून धुतलेलं हाड त्याच्या हातातून घ्यायची, पुसायची, चादरीवर ठेवायची. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मी गुडघ्यांच्या नावानं बसून राहिलो. खरं म्हणजे मला उठवत नव्हतं.

"योआनिनाला राहायचं कुठे?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"अजून खोली बघितली नाही."

"बघितल्याशिवाय कशी जाणार? गाडीनं किती लागतात?"

"साडेचार तास."

लांब्रोसनं मनगटाचं एक बारीक हाड बोटांत धरून वाइनमध्ये बुडवलं, आणि डावं की उजवं हे त्याला कळेना म्हणून तिच्यापुढे केलं.

"मग शनिवारी लवकर निघू," तो म्हणाला.